भिजवा, ताणा, वाळवा: जाळीच्या स्कार्फचं शेवटचं काम

[दृश्य: टेबलावर नुकताच सुईवरून उतरलेला लोकरीचा स्कार्फ. कॅमेरा अगदी जवळ.]

पानांची नक्षी विणली आहे, पण दिसतंय ते आखडलेलं, चुरगळलेलं बोचकं. भोकं मिटलेली, कडा आत वळलेल्या. नवखी मंडळी इथे हिरमुसतात. चूक मात्र काहीच झालेली नाही. जाळीतल्या प्रत्येक भोकासाठी सुईवर धाग्याचा एक जादा वेढा घेतलेला असतो, आणि टाक्यांची संख्या तीच राहावी म्हणून जवळच दोन टाके एकत्र विणलेले असतात. एक जागा सैल, शेजारची घट्ट. या ओढाताणीमुळे विणकाम फुगतं आणि गोळा होतं. ते ओलं करून, ताणून, टाचण्या लावून वाळवायचं, यालाच ब्लॉकिंग म्हणतात.

स्कार्फ किती ताणला जाईल, हे बरंचसं टाके बंद करतानाच ठरतं. एकावरून एक टाका उतरवत बंद केलेली नेहमीची कड जाळीला चालत नाही. मधलं विणकाम पसरतं, कड जागची हलत नाही, आणि टोकाशी स्कार्फ पिशवीच्या तोंडासारखा आवळला जातो.

[दृश्य: दोन सुया, हात जवळून.]

म्हणून इथे दोन टाके मागच्या बाजूनं एकत्र सुलट विणायचे. झालेला टाका परत डाव्या सुईवर सरकवायचा. पुन्हा दोन एकत्र, पुन्हा परत. विणकाम ४ मिलिमीटरच्या सुयांवर असेल, तर एवढ्या ओळीपुरती उजव्या हातात ५ ची सुई घ्या. धागा मात्र हात राखून ठेवू नका. रुंदीच्या चौपट तरी शिल्लक हवा, नाहीतर शेवटचे दहा टाके उरतात आणि धागा संपतो. कड दोन्ही हातांनी ओढून पाहा. विणकाम जितकं पसरतं तितकीच ती पसरली पाहिजे. नाही पसरली, तर आत्ताच उसवा.

आता लोंबणारे धागे. १५ सेंटिमीटरपेक्षा आखूड ठेवलेला धागा सुईत ओवताना रडवतो. बोथट टोकाच्या सुईनं तो कडेच्या टाक्यांतून किंवा जिथे टाके दाट आहेत तिथून तिरका पाच-सहा सेंटिमीटर न्यायचा. गाठ मारायची नाही. जाळीत ती लपत नाही. आणि उरलेलं टोक कापायचं नाही, ते तसंच लोंबू द्या. स्कार्फ ताणला की हा धागा आत ओढला जाणार आहे.

पाण्यात घालण्याआधी स्कार्फ एकदा उजेडासमोर धरा. सुटलेला टाका असेल तर नक्षीत नसलेलं भोक दिसेल आणि त्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी. लगेच सेफ्टी पिनेत तो टाका अडकवा आणि त्याच लोकरीच्या तुकड्यानं मागून बांधून टाका. ताणल्यावर ही शिडी धावत सुटते.

[दृश्य: पसरट भांडं. स्कार्फ पाण्यावर तरंगतो आहे.]

लोकर लगेच भिजत नाही, वर तरंगते. हातानं हलकेच दाबून बुडवा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. पाणी जेमतेम कोमट, लोकरीच्या कपड्यांचा साबण थेंबभर, आणि अर्धा तास हात लावायचा नाही. लोकरीच्या तंतूंमधले काही नाजूक बंध पाण्यानं सुटतात आणि वाळताना नव्यानं जुळतात. ज्या आकारात वाळेल तो आकार टिकतो, तो याच कारणानं. चोळणं आणि पाणी एकदम गरम-गार करणं टाळा. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ते एकमेकांत अडकले की विणकामाचा नमदा, म्हणजे घट्ट जाड थर होतो, आणि त्यावर इलाज नाही.

बाहेर काढताना दोन्ही हातांच्या ओंजळीत उचला. एका टोकाला धरून उचललं, तर पाण्याच्या वजनानं टाके लांबतात. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळा आणि वर उभे राहा, खुशाल.

अ‍ॅक्रिलिकच्या धाग्याला हे भिजवणं पुरत नाही; वाळलं की तो पुन्हा आखडतो. त्याला ताणून टाचण्या लावायच्या आणि इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर धरून फक्त वाफ द्यायची. इस्त्री टेकली तर धागा चपटा, चकचकीत आणि कायमचा लुळा होतो.

[दृश्य: फोमच्या चौकोनी लाद्या जोडलेल्या. लांब स्टीलच्या तारा, मोजपट्टी.]

सरळ कडेला तारा लावा. कडेच्या प्रत्येक फासातून तार ओवायची. दोन फासे सोडले की तिथे खोबण पडते. आधी लांबी, मग रुंदी. सुईवरून १४० सेंटिमीटर उतरलेला स्कार्फ १७० पर्यंत सहसा त्रास न देता जातो. रुंदी मध्ये आणि दोन्ही टोकांशी मोजा, कारण डोळा इथे हमखास फसवतो. टाचणी न गंजणारी हवी, नाहीतर फिक्या लोकरीवर तांबूस ठिपका राहतो. ती बाहेरच्या बाजूला कलती खोचा, म्हणजे ताणानं उपटून येणार नाही. कंगोऱ्यांची कड असेल, तर प्रत्येक कंगोऱ्याच्या टोकाला एकच टाचणी.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर या कामाला ड्रेसिंग म्हणतात. तिथे जाळीच्या शाली लाकडी चौकटीवर ताणत, कंगोऱ्यांतून दोरा ओवून.

[दृश्य: भोकं उघडलेली, पानं स्पष्ट.]

वाळलाय असं वाटलं की हाताची पालथी बाजू लावून पाहा. गार लागला, तर आत ओल आहे. तेवढ्यात टाचण्या काढल्या तर स्कार्फ परत आखडतो. पंखा चालेल, कडक ऊन नको. पूर्ण वाळल्यावर आधी टाचण्या, मग हळूच तारा. थोडासा तो आत येणारच, म्हणून ताणताना दोन-तीन सेंटिमीटर जास्त धरलेले बरे.

आता कात्री घ्या. लोंबता धागा अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा.