घाटमाथ्यावरच्या सपाट वाटा

(बेळगावात झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

बाहेरच्या फलकावर ‘सोप्या जंगलवाटा’ असा विषय लिहिलाय. तो वाचून आत येता येता एका काकूंनी मला अडवलं. म्हणाल्या, "सोप्या म्हंजे कुणाला हो? माझ्या गुडघ्याला, की ह्या पोरास्नी?" काकू, दोघांनाही. ही मी मारलेली थाप नव्हे, आपल्या भूगोलाची कृपा आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. मलप्रभेचा उगम जिथं आहे ते कणकुंबी ७९० मीटरच्या आसपास. म्हणजे जांबोटीवरून कणकुंबीला पोचेपर्यंत मधल्या चढउतारांची वजाबाकी केली, तर हाती चाळीसच मीटर उरतात. पुण्या-मुंबईकडची मंडळी पायथ्यापासून घाम गाळत घाटमाथा गाठतात. आपण माथ्यावरच जन्मलो. माळ्यावर राहणाऱ्याला जिना चढावा लागत नाही, तसं आहे हे. जिना गोव्याच्या बाजूला. चोर्ला घाटातून केरीकडे उतरताना तो दिसतो.

पण सपाटीचा दुसरा परिणाम आपण विसरतो. जमीन सपाट म्हणून चालणं सोपं, आणि तेवढ्याचसाठी पाणीही तिथं रेंगाळतं. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला पाऊस कसा पडतो ते मी इथं सांगायला नको. एवढं पाणी एकदम वाहून जात नाही. ते खळग्यात थांबतं, मळ्यात झिरपतं, झाडाच्या मुळाशी साचतं, मग सावकाश कुठंतरी निघतं. कणकुंबीचं पाणी मलप्रभेतून पूर्वेला जातं, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडतं आणि तीनशे किलोमीटर चालून कूडलसंगमाला कृष्णेत मिसळतं. त्याच तालुक्यात देगावच्या रानात निघालेली म्हादई पश्चिमेला वळते आणि मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रात जाते. एकाच तालुक्यातल्या पावसाचे असे दोन समुद्र. म्हादईच्या पाणीवाटपावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्रात जे चाललंय ते तुम्ही पेपरात वाचता. लवादाचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८ ला आला, भांडण मिटलं नाही. मी आज त्यात शिरत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की आपल्याकडची सोपी वाट आणि आपल्याकडची पाणथळ ही बहुतेक ठिकाणी एकच जागा असते. त्यामुळं आपल्या वाटेत दमछाक कमी आणि पाय कुठं पडतोय याची काळजी जास्त.

चोर्ला-कणकुंबीकडचा जांभ्याचा सडा घ्या, म्हणजे जांभा दगडाचं उघडं पठार. एप्रिलमध्ये तिथं चप्पल काढून उभं राहता येत नाही, इतका दगड तापतो. लोक म्हणतात, ओसाड माळ आहे, काही कामाचा नाही. सरकारी कागदावरही असल्या जमिनीला पडीकच म्हणायची रीत. तोच सडा सप्टेंबरात बघा. पण उभं राहून नको, गुडघे साथ देत असतील तर खाली बसा. दगडाच्या खळग्यात बोटभर माती, तिच्यावर बोटभर पाणी. त्यात नखाएवढी निळी-जांभळी फुलं दाटीनं आलेली असतात: सीतेची आसवं. दिसायला गरीब, पण झाड मांसाहारी. पावसानं धुऊन धुऊन त्या मातीत नत्र असं उरलेलंच नसतं, मग जगायचं कशावर? या झाडाला पाण्याखाली टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाशी बारीक केस. पाण्यातला एखादा जीव त्या केसाला लागला, की झडप उघडते आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्याही आत. शेजारी दवबिंदू नावाची वनस्पती आहे. तिच्या केसांवर चिकट थेंब चमकतात. कीटक त्याला दव समजून बसतो आणि तिथंच राहतो. मधेमधे गेंदाची पांढरी बोंडं आणि कडेला कवल्याची पिवळी फुलं.

आता या खळग्यावर एक बूट पडला, की काय होतं? माती दगडाला नुसती टेकलेली असते. बुटाबरोबर तिचा पापुद्रा सरकतो, बिया जातात, आणि पुढच्या वर्षी तिथं उघडा दगड दिसतो. म्हणून सड्यावरचा नियम शेतातल्यापेक्षा उलटा: काळ्या उघड्या दगडावर पाय टाका, हिरव्यावर नको. फुलांच्या मधे बसून फोटो काढायची जी साथ आलीय ना, तिनं गुरांच्या खुरांपेक्षा जास्त नुकसान केलंय असं माझं स्पष्ट मत आहे. गुरं निदान पोटासाठी जातात.

याच चोर्ला भागातून २००७ मध्ये देवगांडुळाची एक नवी जात शास्त्रज्ञांनी जगापुढं आणली. दिसायला गांडूळ, पण याला पाठीचा कणा असतो. हा बेडकाच्या गोतातला उभयचर. त्याच्या शास्त्रीय नावात म्हादई आहे. ओली माती, पालापाचोळा आणि दगडाखालचा गारवा, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. तेव्हा वाटेवरचा दगड सहज म्हणून उलटू नका, आणि उलटलाच तर होता तसा ठेवा.

जुलैत जाणाऱ्यांसाठी आणखी एक. वाटेकडेच्या डबक्यावर झुकलेली फांदी दिसली तर तिच्या पानांत बघा. मुठीएवढा पांढरा फेस लटकलेला असतो. कुणी साबण टाकलाय की काय असं वाटतं. ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. मादी अंडी घालताना एक द्रव सोडते आणि पाय मारमारून त्याचा फेस करते. फेसात अंडी ओली राहतात आणि पाण्यातल्या माशांच्या, किड्यांच्या तोंडी लागत नाहीत. काही दिवसांनी फेस विरघळतो आणि पिल्लं खाली टपकतात, थेट डबक्यात. आता सांगा, ते डबकं आपण ‘वाट चांगली करूया’ म्हणून मुरूम टाकून बुजवलं तर पिल्लं पडणार कुठं? वाट सोपी करायची म्हणून फरशा आणि पेव्हर ब्लॉक घालायची मागणी अधूनमधून होते. ती करू नका.

आता खानापूर तालुक्यातल्याच भीमगडाकडं वळतो. २०११ मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र साधारण १९० चौरस किलोमीटर. इथल्या बारापेडे गुहांत राहणारं वटवाघूळ १९१३ मध्ये जगाला नवी जात म्हणून कळलं, आणि पुढं कित्येक दशकं त्याचं हे एकच ठिकाण माहीत होतं. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. त्या गुहेत शिरायचा हट्ट धरू नका. वटवाघळं दचकली की पिल्लं खाली पडतात. हेमाडगा गावाच्या बाजूनं वनखात्याची परवानगी काढून, स्थानिक वाटाड्या घेऊन, रानातून सावकाश दोन तास चाला, तेवढं पुष्कळ झालं. पहाटे ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गातो. एखादा शाळकरी पोरगा आपल्याच नादात शीळ घालत जातोय असं वाटतं. वर जांभूळ, कुंभा, अंजनीची दाटी, आणि नशीब असेल तर धनेशाच्या पंखांचा मोठा फडफडाट.

पण या वाटा वनखात्यानं आखलेल्या नाहीत. गवाळी, कृष्णापूर, तळेवाडी, अमगाव, देगाव इथल्या माणसांच्या पायांनी त्या पडल्या आहेत. डोक्यावर ओझं असलेला माणूस उगाच चढ घेत नाही. तो टेकडीला वळसा घालून जातो, ओढा जिथं उथळ तिथंच ओलांडतो. आपल्याला वाट सोपी लागते ती त्यामुळं. आपली ती रविवारची वाट, त्यांची रेशनची आणि दवाखान्याची. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून याच वाटेनं डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. ‘निसर्गाच्या कुशीत किती भाग्यवान तुम्ही’ असं त्यांना तोंडावर म्हणायच्या आधी एवढं लक्षात असू द्या. वाटाड्याला पैसे द्या, जेवण गावात घ्या, आणि स्पीकर घरी ठेवा. गेल्या पावसाळ्यात धबधब्यावर एक टोळकं भेटलं होतं. त्यांच्या गाण्यापुढं धबधबा ऐकू येत नव्हता, अन् कोरड्या ठिकाणी चहाचे कागदी कप पसरलेले. असो.

भीतीबद्दलही बोलायला हवं. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत, गवे आहेत, अधूनमधून दांडेलीकडून हत्तीही येतात. अस्वलाचं वाईट म्हणजे ते अचानक समोर आल्यावर बिथरतं. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला रानात एकटं फिरू नका, आणि झुडपाच्या वळणावर आपसात बोलत चला. जळवांना घाबरू नका; मोज्यांना तंबाखूचं पाणी लावायचं, लागलीच तर मीठ. खरी काळजी गोचिडाची. गोचीड चावल्यानं होणारा माकडताप हा रोग १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर रानात सापडला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत पसरला, २०१६ मध्ये दोडामार्गात. म्हणजे आपल्या दाराशीच. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम. त्या दिवसांत पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पाचोळ्यावर बसू नका, घरी आल्यावर कढत पाण्यानं अंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

आणि पोरांनो, कॅसलरॉकहून रुळांवरून चालत दूधसागरला जायचं नाही. रेल्वे कायद्याचं १४७ वं कलम आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बोगद्यात गाडी आली तर कलमाची गरजही पडायची नाही.

ज्यांना खानापूरही लांब वाटतं त्यांच्यासाठी बेळगावला पिण्याचं पाणी देणाऱ्या राकसकोप तलावाचा काठ आहे, येळ्ळूरचा राजहंसगड आहे, वैजनाथचा डोंगर आहे. हिवाळ्यात गोकाक तालुक्यात घटप्रभेच्या पक्षी अभयारण्यात जा. परदेशातून आलेले करकोचे बघायला काहीच चढावं लागत नाही.

मला स्वतःला मात्र वडगाव-शहापूर-अनगोळचं शिवार आवडतं. आपल्या बासमतीचं शिवार. भातशेती ही माणसानं केलेली पाणथळच. पाणथळ जागा जपण्यासाठी झालेल्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या व्याख्येत ती बसते. आपल्याकडच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र भातशेती वगळली आहे, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलावही वगळले आहेत. म्हणजे या शिवाराला त्या नियमांचं संरक्षण नाही, आणि राकसकोपलाही नाही. तिथं किती बगळे उतरतात, बेडूक कधी ओरडायला लागतात, कुठल्या वर्षी पाणी किती दिवस थांबलं, हे नियमानं कुणी लिहून ठेवत नाही. तुम्ही रोज सकाळी फिरायला जाताच की. रिंगरोडवर धूर खात जाण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तिकडं जा, सोबत छोटी वही ठेवा, तारीख आणि काय दिसलं ते लिहा.

जायचं कसं, तेही सांगतो. बांध ही शेतकऱ्याची मालमत्ता आहे, तेव्हा आधी विचारा. रोप लावणीच्या दिवसांत बांध नुकताच लिंपलेला असतो, पाय दिला की फुटतो, तेव्हा गाडीवाटेनंच चाला. भात कापून झालं, की नोव्हेंबरनंतर बांध घट्ट होतात. काकू, तुमच्या गुडघ्याला तेच बरं. काठी मात्र घ्या, कुत्री आहेत.