आर्जिनिन कुणाच्या वाट्याला?

(बडोद्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, प्रतिकारशक्तीचा विषय निघाला की आपली गाडी लगेच 'काय खावं' याकडे वळते. प्रतिकारपेशींना लागणारं आर्जिनिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, शेवउसळीतल्या वाटाण्यातही असतं, जरूर खा. पण खाल्लेल्या आर्जिनिनपैकी बरंचसं आतड्याच्या भिंतीत आणि यकृतातच संपतं. रक्तात फिरतं ते साधारण ५० ते १०० मायक्रोमोलर. खरी ओढाताण चालते ती जखमेत, कर्करोगाच्या गाठीत, पेशीच्या अगदी लगत.

उंदराची मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी प्रतिकारपेशी, घ्या. इंटरफेरॉन-गॅमा हा प्रतिकारपेशींचा संदेश आणि जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस मिळालं की ती आयनॉस हे एन्झाइम बनवते. आर्जिनिनपासून सिट्रुलिन आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, आणि हा वायू जंतूंवर चालून जातो. तिलाच आयएल-४ हा दुसरा संदेश दिला तर आर्जिनेज-१ हे दुसरं एन्झाइम वाढतं. आता त्याच आर्जिनिनचं युरिया आणि ऑर्निथिन होतं, आणि ऑर्निथिनपासून पेशीवाढीला लागणारे पॉलिअमाइन व कोलॅजनला लागणारं प्रोलिन. म्हणजे मारामारी थांबून डागडुजी सुरू. गंमत अशी की आयनॉसला काही मायक्रोमोलर आर्जिनिनही पुरतं, आर्जिनेजला मिलिमोलरच्या, म्हणजे हजारपट मोठ्या एककाच्या, पातळीवर लागतं. तरी आर्जिनेज टिकून राहतं, कारण त्याचा कमाल वेग हजारपटीच्या घरात आहे.

माणसाच्या मॅक्रोफेज मात्र प्रयोगशाळेतल्या बशीत नायट्रिक ऑक्साइड जवळजवळ बनवतच नाहीत. आपल्यात आर्जिनेज-१ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या कणिकांत साठलेलं असतं आणि पेशी मेली की बाहेर सांडतं. उंदराची आकृती माणसाच्या स्लाइडवर सर्रास चिकटवली जाते, ते मला पटत नाही.

आर्जिनिन संपलेल्या जागी टी-पेशी ही दुसरी प्रतिकारपेशी आली तर ती लगेच मरत नाही, थबकते. अमिनो आम्लं वाहून नेणारे टी-आरएनए रिकामेच साठतात, जीसीएन-२ हे एन्झाइम ते ओळखतं आणि प्रथिनं बनवण्याचं काम मंदावतं. टी-पेशीच्या ग्राहीतली सीडी-३ ची झीटा साखळी घटते, विभाजन जी-० व जी-१ या सुरुवातीच्या टप्प्यांतच अडतं.

आता प्रयोग करणाऱ्यांसाठी, इथे तसे बरेच जण बसलेत. आरपीएमआय-१६४० या पेशी वाढवण्याच्या माध्यमात लिटरला २०० मिलिग्रॅम आर्जिनिन असतं, म्हणजे सुमारे १.१५ मिलिमोलर, रक्ताच्या दहापटीहून जास्त. एवढ्या सुकाळात वाढलेल्या पेशीवरून गाठीतल्या दुष्काळाचा अंदाज बांधता येत नाही. ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लाचं उलट: लिटरला ५ मिलिग्रॅम, रक्तापेक्षाही कमी. आर्जिनिन वगळायचं म्हणून सायलॅक या प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीचं माध्यम घेतलं तर त्यात लायसिन हे अमिनो आम्लही नसतं. लायसिन हायड्रोक्लोराइड लिटरला ४० मिलिग्रॅम परत घालावं, नाहीतर लायसिनची उपासमार आर्जिनिनच्या नावावर खपते. माध्यमात घालायचं सीरम डायलिसिसने लहान रेणू काढलेलंच हवं, साध्या सीरममधून अमिनो आम्लं गुपचूप आत येतात. आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेची बाजू, म्हणून त्याच माध्यमात आर्जिनिन परत घातलेली बशी ठेवावी, बाटलीतलं तयार माध्यम नको.

रुग्णाचं रक्त मोजताना घोटाळा आणखी आधी होतो. लाल पेशींत आर्जिनेज ठासून भरलेलं असतं. त्या फुटल्या की आर्जिनिन उतरतं, ऑर्निथिन चढतं, आणि कागदावर रोग दिसतो. मे महिन्यात नळी स्कूटरच्या डिकीतून आली तर ग्लुटामिनही घटून ग्लुटामेट वाढलेलं असतं. म्हणून हेपॅरिनची नळी, लगेच बर्फ, शक्य तितक्या लवकर सेंट्रिफ्यूज, आणि प्लाझ्मा वेगळा करून सल्फोसॅलिसिलिक आम्लाने प्रथिनं खाली बसवणं. प्लाझ्मा गुलाबी दिसला, म्हणजे लाल पेशी फुटल्या, तर तो नमुना सरळ टाकून द्यावा, आकडे कितीही देखणे आले तरी.