ढगाचं प्रेम

मंडळी, माणूस आणि परग्रहवासी यांच्या प्रेमकथा पडद्यावर ढिगानं आल्या. त्यातला परग्रहवासी बहुतेक वेळा आपल्यासारखाच देखणा असतो, फार तर कान टोकदार किंवा कातडी हिरवी. अशांच्या प्रेमात पडणं कठीण नाही. म्हणून मी आज 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळ-मालिकेचा 'मेटामॉर्फोसिस' हा भाग निवडलाय. जीन कून यांनी लिहिलेला हा भाग १० नोव्हेंबर १९६७ रोजी अमेरिकेत दाखवला गेला. यातल्या प्रेम करणाऱ्याला शरीरच नाही. तो एक लुकलुकणारा ढग आहे.

मालिकेतल्या अंतराळयानाचा कप्तान कर्क, तर्कावर चालणारा अर्धा परग्रहवासी अधिकारी स्पॉक आणि डॉक्टर मकॉय हे नॅन्सी हेडफर्ड या आजारी अधिकारी बाईंना छोट्या यानातून उपचारासाठी नेत असतात. वाटेत हा ढग त्यांचं यान एका लघुग्रहावर खेचून नेतो. तिथे एकटाच राहणारा तरुण म्हणजे झेफ्रम कॉक्रेन, प्रकाशाहून वेगवान प्रवासाचा जनक. दीडशे वर्षांपूर्वी, ८७ वर्षांचा असताना, मरण जवळ आलं म्हणून तो अंतराळात निघून गेला होता. ढगानं त्याला वाचवलं, पुन्हा तरुण केलं, जपलं. आपण एकटेपणानं मरू, असं त्यानं ढगाला सांगितलं, तेव्हा ढगानं त्याच्यासाठी माणसं पळवून आणली.

सुटकेसाठी स्पॉक विजेचा प्रयोग करतो, तो अंगाशी येतो. मग ते भाषांतर यंत्र लावतात, तर ढगाचा आवाज बाईचा निघतो. बोलण्यातून कळतं की या जिवाचं कॉक्रेनवर प्रेम आहे. आणि कॉक्रेनला किळस येते! आपल्या मनात या परक्याला शिरू दिलं याची त्याला शिसारी वाटते. स्पॉकला हे कोडंच वाटतं. तो म्हणतो, दीडशे वर्षं हे नातं सुखाचं होतं, सोयीचं होतं, त्यातून कुणाचं वाईट झालं नाही. मग आता बिघडलं काय? मला हा प्रसंग सगळ्या मालिकेतला सर्वांत धारदार वाटतो. काल आणि आज यांत काहीच बदललेलं नाही. कॉक्रेनला फक्त कळलंय.

त्याच वर्षी १२ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं लव्हिंग खटल्याचा निकाल दिला. तोवर तिथल्या १६ राज्यांत काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला कायद्यानं बंदी होती. लेखकाच्या मनात काय होतं ते असो, पण पाच महिन्यांनी हा भाग पाहणाऱ्यांच्या घरांत असल्या किळसेची ओळख नव्हती असं कोण म्हणेल?

उत्तर देते ती मरणाच्या दारातली हेडफर्ड. मी माझं काम चांगलं केलं, पण माझ्यावर कधी कुणी प्रेम केलं नाही, आणि हा माणूस प्रेमापासून पळतोय, असं ती कळवळून म्हणते. आधी तिरसट वाटणारी ही बाई त्या क्षणी सगळा भाग आपल्या हातात घेते.

शेवटाशी मात्र माझं भांडण आहे. हेडफर्ड मरत असताना ढग तिच्या शरीरात शिरतो. ती जगते, दोघी मिळून 'आम्ही' म्हणून बोलतात. ढगाची शक्ती जाते, अमरत्व जातं, तो ग्रहही त्यांना सोडता येत नाही. आपल्या ओढणीआडून ती कॉक्रेनकडे पाहते, ढगाला तो जसा दिसायचा तसा. दृश्य सुंदर आहे, कबूल. पण सगळी किंमत तिनंच का मोजायची? कॉक्रेन तिच्यापाशी राहतो, पण केव्हा, तर समोर बाईचा चेहरा आल्यावर. आणि हेडफर्डला आधी कुणी विचारलं?

हा हिशेब त्याच परंपरेत २४ वर्षांनी पुन्हा काढला गेला. १९९१ मधला 'द होस्ट' हा 'नेक्स्ट जनरेशन' या 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या मालिकेचा भाग. डॉक्टर बेव्हर्ली क्रशर ओडान या राजदूताच्या प्रेमात आहे. खरा ओडान म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या यजमानाच्या पोटात राहणारा एक जीव. यजमान शरीर मरतं, काही काळ तो रायकर या क्रशरच्या सहकाऱ्याच्या शरीरात राहतो, आणि क्रशर धडपडत तेही स्वीकारते. शेवटी नवं शरीर येतं ते स्त्रीचं. तिथे क्रशर थांबते. प्रेम आहे, पण इतक्या बदलांबरोबर मला धावता येत नाही, असं ती सांगते, आणि हा कदाचित माणसांचाच उणेपणा असेल हेही मान्य करते.

अनेकांना तिचा नकार खुपला, आणि मलाही तो खुपतो. तरी मला ती कॉक्रेनपेक्षा प्रामाणिक वाटते, कारण आपली मर्यादा ती समोरच्याच्या माथी मारत नाही.