नळीच्या आतली कारागिरी

मंडळी, अमेरिकेतली जुनी लांब रायफल पाहताना नजर आधी पितळेकडे जाते. दस्त्याच्या अंगातली झाकणाची पेटी, तिच्याभोवतीची नक्षी, मॅपलच्या लाकडावरचे वाघासारखे पट्टे. ते पट्टे उठावदार करायला नायट्रिक अ‍ॅसिडात लोखंड विरघळवून लाकडावर लावत आणि आच देत. देखणंच असतं ते. पण माझ्या मते खरी करामत नळीच्या आत आहे.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टरच्या परिसरात, जर्मन कारागीर येऊन वसले. तिकडची त्यांची शिकारी बंदूक आखूड आणि मोठ्या गोळीची. इथं नळी लांबत चाळीस इंचांच्या पुढे गेली आणि गोळी अर्ध्या इंचाच्या आत आली. जंगलात दूर जाणाऱ्याला शिसं आणि दारू पाठीवर वाहावी लागे, त्यामुळे हा हिशेब सरळ होता.

नळी घडवताना लोखंडाची जाड पट्टी तापवायची, सळईभोवती वळवायची आणि कडा ठोकून सांधायच्या. एका तापात जेमतेम काही इंच जमायचं. सळई वेळेवर ओढली नाही तर ती आतच धरून बसे! मग आतून पोखरून भोक सरळ करायचं आणि बाहेरून कानशीनं अष्टकोनी आकार द्यायचा.

त्यानंतर आटे, म्हणजे नळीच्या आतल्या फिरत जाणाऱ्या खाचा. जाड लाकडी दांड्यावर आधी मळसूत्री वेढे कोरलेले असत. दांडा ओढला की तो ठोकळ्यातल्या दात्यांमुळे फिरतच पुढे येई. त्याला जोडलेल्या दांडीच्या टोकाला छोटं पातं, आणि तेही नळीत तसंच फिरत जाई. दर फेरीला केसभर लोखंड निघायचं. खाच आणखी खोल हवी, तर पात्याखाली कागदाचा कपटा सारायचा. बहुतेकदा खाचा सात, आणि एक पूर्ण वेढा साधारण चार फुटांत. लाकडाच्या वेढ्यावरून लोखंडाचा वेढा काढायचा, तोही हातानं ओढून!

ही अर्थातच ठासणीची बंदूक. गोळी तेलकट कापडाच्या तुकड्यात गुंडाळून आत ठोसायची. कापड आट्यांत घट्ट बसे आणि गोळीला गिरकी देई, म्हणून नेम दूरवर साधे. पण भरायला वेळ लागे. बिनआट्यांची मस्केट बंदूक वापरणारा मिनिटाला तीन बार काढी, रायफलवाल्याचा जेमतेम एक होई, आणि हिला संगीनही नसे. म्हणून अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या, 1780 च्या किंग्ज माउंटनसारख्या झाडीतल्या लढाईत ती चमकली, उघड्या मैदानात तिचा निभाव लागणं कठीण.

एक गैरसमजही सांगून टाकतो. एकच माणूस अख्खी बंदूक घडवी, हे चित्र गोड आहे, पण चकमकीचा चाप, म्हणजे ठिणगी पाडून बार उडवणारी यंत्रणा, पुष्कळदा इंग्लंड किंवा जर्मनीहून विकत आलेला असे. लँकेस्टरच्या याकोब डिकर्टसारख्या नामवंतांच्या कारखान्यातही शिकाऊ हात राबत. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग या जुनं गाव जपणाऱ्या संग्रहालयातले बंदूक-कारागीर वॉलेस गसलर यांनी मात्र 1960 च्या दशकात जुन्याच पद्धतीनं नळी, चाप, स्क्रू, सगळं स्वतः करून दाखवलं. म्हणजे ज्या एकट्या कारागिराच्या गोष्टी आपण सांगतो, तो विसाव्या शतकात सापडतो.