आखूडशिंगी, बहुदुधी आणि लांब हातांचा

(शिकागोच्या उपनगरात आम्हा मराठी मंडळींचा रविवारचा कट्टा भरतो. तिथे 13 एप्रिल 2025 रोजी केलेलं भाषण, थोडी काटछाट करून.)

बसा, बसा. मागे वडे घेणाऱ्यांनी वडे घेऊनच या, मी काही पळून जात नाही. पळायचं काम पोरांचं, आपण फक्त त्यांची वेळ मोजायची.

विषय फळ्यावर लिहिलाच आहे: बेअर्स, म्हणजे आपला शिकागोचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, यंदा ड्राफ्टमध्ये कुणाला घेणार. येत्या 24 तारखेला, गुरुवारी रात्री कळेलच, पण कळल्यावर कुणीही सांगेल. मजा आधी सांगण्यात आहे. मला पंचेचाळीस मिनिटं दिली आहेत, त्यातली पाच माइक लावण्यात गेली. आणि हो, यंदाचा सोहळा ग्रीन बेला आहे. म्हणजे लग्न आपल्या पोराचं आणि मांडव भाऊबंदकीतल्या शत्रूच्या दारात! (हशा)

ज्यांना नवरा किंवा नातू बळेबळे घेऊन आला आहे त्यांच्यासाठी दोनच वाक्यं. कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं व्यावसायिक संघ नंबराने निवडतात; गेल्या मोसमात जो सगळ्यात जास्त हरला तो आधी. आपल्याकडे पहिल्या बाकावर हुशार बसतात, इथे नापासाला पहिला बाक. सात फेऱ्या, यंदा 257 पोरं.

याची सुरुवातही आपल्याच गावाशी जोडलेली आहे. 1936 साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. सगळ्यात पहिलं नाव पुकारलं गेलं ते जे बरवँगर, शिकागो विद्यापीठाचा. निवडलं फिलाडेल्फियाने, मग त्याचे हक्क आले आपल्या बेअर्सकडे, मालक जॉर्ज हलासकडे. आणि पगारावर जमलं नाही! ड्राफ्टच्या इतिहासातला पहिला नवरदेव बोहल्यावर चढलाच नाही. त्याला मिळालेला पहिला हाइझमन करंडक, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा, नात्यातल्या एका बाईंच्या घरी दार उघडं ठेवायला लावलेला असायचा म्हणतात. तेव्हा आपलं जे आज चाललं आहे ते आज सुरू झालेलं नाही.

फेब्रुवारीअखेरीस इंडियानापोलिसला या पोरांना बोलावतात. मी पहिल्यांदा टीव्हीवर बघितलं तेव्हा बायको शेजारी बसून भाजी निवडत होती. ती म्हणाली, ‘अहो, हा तर बघण्याचा कार्यक्रम!’ खरंच तसंच. चालून दाखव, पळून दाखव, चाळीस यार्ड किती सेकंदांत, उंची किती, पंजा किती इंच, हात किती लांब. फक्त ‘स्वयंपाक येतो का’ तेवढं विचारत नाहीत. यंदा एलएसयूच्या, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या, विल कँबेलचं काय झालं बघा. तीन वर्षं डावा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीच्या टोकाचा गडी, म्हणून खेळला, उत्तम खेळला. पण टेप लावली तर हात साडेबत्तीस इंचांच्या जरासे वर, 33 काही भरेनात. झालं! महिनाभर याच हातांवर चर्चा. मग कॉलेजात पुन्हा मोजले, तर भरले 33. आता महिन्याभरात हात वाढला की टेप बदलली, ते टेपवाला जाणे. आमच्याकडे म्हणायचे गाय हवी आखूडशिंगी, बहुदुधी. इथे त्यात ‘लांब हातांची’ एवढी भर घाला. (हशा)

आता मला जे खरं सांगायचं आहे त्याकडे येतो. त्यासाठी आधी 2017 सांगावं लागेल. (मागून: ‘पुन्हा?’) हो, पुन्हा. जखम माझी आहे, खपली मी काढणार.

27 एप्रिल 2017. आमच्या बेसमेंटमध्ये आम्ही आठ जण. नियम असा की प्रत्येकाने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. माझे वडील, अण्णा, तेव्हा सांगलीहून आले होते. वय 81. जन्म मार्केट यार्डात अडत्याचं काम करण्यात गेलेला. फुटबॉलमधलं त्यांना एवढंच कळायचं की बॉल लांबट आहे आणि पायाने फारसा मारत नाहीत. पण बाजार म्हटलं की कान टवकारायचे. मी त्यांना समजावून सांगितलं की या नंबरांचंही दरपत्रक आहे, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसवाल्यांनी केलेलं. पहिल्या नंबरला 3000 गुण, दुसऱ्याला 2600, तिसऱ्याला 2200, दहाव्याला 1300. संघ आपसात नंबर बदलतात ते या हिशेबाने. अण्णांनी चष्मा लावून तो तक्ता वहीत उतरवून घेतला. चिठ्ठीही टाकली.

आपला नंबर होता तिसरा. आणि एकदम बातमी आली की बेअर्सनी सौदा केला, आता दुसरे. आम्ही सगळे उभे राहिलो. वाटी सांडली, कार्पेटवर तर्रीचा डाग पडला, तो अजून आहे. पुकारलं कोणाचं नाव? मिचेल ट्रुबिस्की. नॉर्थ कॅरोलायनाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, कॉलेजात सुरुवातीपासून उतरून खेळलेले सामने तेरा.

खोलीत शांतता. अण्णांनी विचारलं, ‘आपण कितवे होतो?’

‘तिसरे.’

‘आता?’

‘दुसरे.’

‘एका पायरीचे किती दिले?’

मी सांगितलं: तो तिसरा नंबर तर गेलाच, वर त्या वर्षीचे 67 आणि 111 हे नंबर, आणि पुढच्या वर्षीची तिसरी फेरी.

‘दुसऱ्या नंबरवाल्यांना हाच पोरगा हवा होता का?’

आता सॅन फ्रान्सिस्कोला काय हवं होतं हे त्या रात्री मला कुठून कळणार? पण पुढच्याच पाच मिनिटांत त्यांनी बचावफळीतला सॉलोमन थॉमस घेतला. मी म्हटलं, ‘नाही वाटतं.’

अण्णांनी वही मिटली. म्हणाले, ‘बैलबाजारात उपरण्याखाली बोटं का दाबतात? समोरच्याला आपली गरज दिसू नये म्हणून. तुमच्या माणसानं उपरणंच आणलं नाही.’

(टाळ्या) टाळ्या अण्णांना. ते आता नाहीत, पण पोचवतो.

पुढचं तुम्हाला पाठ आहे, तरी ऐका. दहाव्या नंबरवर कॅन्सस सिटीने पॅट्रिक माहोम्स घेतला, तोही क्वार्टरबॅकच. त्याची तीन सुपर बोल, म्हणजे तीन अजिंक्यपदं, झाली. आपण दिलेला 67 नंबर फिरत फिरत न्यू ऑर्लिन्सला गेला, त्यावर आला ॲल्विन कमारा. दिलेल्या तिसऱ्या फेरीतून सॅन फ्रान्सिस्कोला मिळाला फ्रेड वॉर्नर. दोघंही पुढे मोठे खेळाडू झाले. म्हणजे गाईबरोबर वासरूही दिलं आणि दावंही. मी त्यानंतर दोन वर्षं डबाच काढला नाही. आणि 2019च्या जानेवारीत बाद फेरीच्या सामन्यात आपण शेवटी गोलाकडे मारलेला चेंडू एकदा खांबाला आणि एकदा आडव्या दांड्याला लागला आणि आपण हरलो, त्याबद्दल मी आज बोलणार नाही, डॉक्टरांनी मना केलं आहे.

पण न्याय असतो हो. 2023 साली आपला पहिला नंबर होता, तो आपल्या जनरल मॅनेजरने, रायन पोल्सने, कॅरोलायनाला विकला. डीजे मूर हा खेळाडू घेतला, त्या वर्षीचे नंबर घेतले, पुढच्या वर्षीची त्यांची पहिली फेरी घेतली, आणि 2025ची दुसरीसुद्धा. मग त्या मोसमात आपण सगळ्यांनी काय केलं? दर रविवारी कॅरोलायना हरावं म्हणून देव पाण्यात ठेवले. कुणाचं वाईट चिंतू नये असं आजीने शिकवलेलं, पण आजीला कॅरोलायना माहीत नव्हतं. ते 15 सामने हरले, आणि त्यांच्या नंबरवर आपल्याला केलेब विल्यम्स हा क्वार्टरबॅक मिळाला. त्याच सौद्यातला शेवटचा हप्ता यंदाचा 39 नंबर. अण्णांनी पोल्सला पानसुपारी दिली असती.

(चिठ्ठी येते.) दहा मिनिटं? अहो, मी अजून मुद्द्यावर आलोच नाही. लायब्ररी पाचला बंद होते, ठाऊक आहे मला. बरं, पळतो.

मुद्दा असा. अंदाज सांगणारे सगळे बैल बघतात. कोणता पोरगा चांगला, कुणाचा हात किती. मी म्हणतो, गिऱ्हाईक बघा. घेणाऱ्याचं दुखणं काय आणि त्याच्या जिभेला चव कुठली, एवढं कळलं की नाव आपोआप येतं. गेल्या वर्षीचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे, केलेबला बॉल फेकण्याआधीच 68 वेळा आडवा पाडला. म्हणून अर्धं शिकागो आपल्या दहाव्या नंबरला टॅकल मागतं आहे. पण त्या दुखण्यावर मार्चमध्येच पट्टी बांधून झाली. थूनी, जॅक्सन, डालमन, केलेबला वाचवणारी मधली अख्खी फळी नवी. आणि आले कुठून? थूनी कॅन्सस सिटीहून, जिथे पोल्स आधी बरीच वर्षं नोकरीला होता. जॅक्सन आधी डेट्रॉइटला, जिथे आपले नवे प्रशिक्षक बेन जॉन्सन आधी होते. दोघांनी आपापल्या जुन्या घरची भांडी आणली. म्हणजे चव कळली की नाही?

जॉन्सनच्या डेट्रॉइटने 2023 साली बाराव्या नंबरला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, घेतला, जहमीर गिब्ज. लोक हसले. मग 34ला टाइट एंड, म्हणजे अडवणाराही आणि पास झेलणाराही, सॅम लापोर्टा. दोन वर्षांनी कुणी हसत नव्हतं. नवी सून आली की पहिल्या महिन्यात माहेरची आमटी करतेच. म्हणून माझा अंदाज: दहाव्याला पहिली पसंती ॲश्टन जेंटी, बॉयसी स्टेटचा. गेल्या मोसमात चेंडू घेऊन 2601 यार्ड पळाला. बॅरी सँडर्सच्या 1988च्या कॉलेजातल्या विक्रमाला 27 कमी. पण सहाव्या नंबरवर लास वेगास बसलं आहे, ते त्याला सोडतील असं मला वाटत नाही. तो गेला तर टाइट एंड, पेन स्टेटचा टायलर वॉरन. हे मी लिहून देतो.

(प्रश्न: ‘मिशिगनचा लव्हलँड?’) चांगला आहे, पण जानेवारीत खांद्याची शस्त्रक्रिया झाली, कुठे पळून दाखवलं नाही. टाइट एंड आपण घेऊ, लव्हलँड नाही. पुढे.

39 आणि 41, दोन जवळजवळचे. जेंटी हुकला असेल तर यातल्या एकावर ओहायो स्टेटच्या दोघांपैकी एक रनिंग बॅक, हेंडरसन किंवा जडकिन्स, उरला असेल तो. दुसऱ्यावर टॅकल, मिनेसोटाचा एरसरी. तेवढी टॅकलवाल्यांची समजूत. 72ला बचावफळीतला कुणीतरी जाडजूड. 148ला लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला. 233 आणि 240 ला कुणीही येवो, त्याच्या आईला आनंद होईल. आणि पोल्स एखादा नंबर मागे सरकून दोनाचे तीन करेल, हा माणूस मोडसुद्धा भाव करून घेतो.

दिवे घालवायला लागले. चिठ्ठ्या दाराशी डब्यात टाका, तोच डबा, श्रीखंडाचा. गुरुवारी रात्री सातला आमच्याकडे उघडू. मिसळ आहे, कार्पेटवर या वेळी प्लॅस्टिक अंथरतो. (प्रश्न: ‘टाइट एंड घेतला तर मग कोल कमेटचं काय?’) आपला आताचा टाइट एंड, इथल्याच आर्लिंग्टन हाइट्सच्या शाळेतला पोरगा तो, त्याला कोण हात लावतंय! पण ते जरा लांबण आहे, पार्किंगमध्ये सांगतो. खुर्च्या घडी करून भिंतीला लावा रे.