बेल्जियमच्या कॅथलिक विद्यापीठातच मला का जायचंय?

[टेबलावर मातीचं मडकं. बोलायच्या आधी एक टिचकी.]

ऐकलंत? खणखणीत आहे. माझी आजी कोल्हापुरात उन्हाळ्याच्या तोंडावर मडकं घ्यायला गेली की आधी टिचकी मारते, कान लावते. आवाज बद्द आला की मडकं परत खाली. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज बदलतो.

नमस्कार मंडळी. मी पुण्यात भौतिकशास्त्रात एमएस्सी करतेय आणि खगोलशास्त्रासाठी एका विद्यापीठात अर्ज करतेय. बेल्जियममधलं लूव्हनचं कॅथलिक विद्यापीठ, म्हणजे केयू लूव्हन. घरी सांगितलं तेव्हा आजीच म्हणाली, "पोरी, ते चर्चवाल्यांचं कॉलेज. तिथं तुला रोज प्रार्थनेला बसवणार काय?" तिचं काही चुकलं नाही, मलाही बऱ्याच जणांनी हेच विचारलंय. म्हणून आज नीट सांगते.

आधी मडक्याचं. तारासुद्धा थरथरत असतो. त्याच्या पोटात लाटा उठतात, त्यामुळे त्याचा प्रकाश अगदी किंचित कमी-जास्त होतो. तारा आणि आपण यांच्यामधल्या पोकळीतून आवाज येत नाही, पण प्रकाशाची ही लय मोजता येते. कोणत्या लयीत किती कंपनं आहेत हे कळलं, की गाभा किती मोठा, आतला भाग किती वेगानं फिरतोय, ताऱ्याचं वय काय, याचा हिशेब मांडता येतो. या विषयाला ॲस्टरोसिस्मॉलॉजी म्हणतात. लूव्हनच्या प्राध्यापक कॉनी आर्ट्स यांना याच कामासाठी 2022 मध्ये दोन शास्त्रज्ञांसोबत खगोलभौतिकीचा मानाचा कावली पुरस्कार मिळाला. कॅनरी बेटांमधल्या ला पाल्मावर या विद्यापीठाची स्वतःची 1.2 मीटरची मर्केटर दुर्बीण आहे. मला हेच शिकायचंय.

पण नुसतं एवढंच असतं तर मी दहा ठिकाणी अर्ज केले असते. लूव्हनवर माझा जीव जडला तो जॉर्ज लमेत्र यांच्यामुळं.

लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञही. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढले, 1923 मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली, पुढं केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याकडे शिकले आणि 1925 पासून लूव्हनमध्ये शिकवू लागले. 1927 मध्ये त्यांनी फ्रेंचमध्ये एक निबंध छापला. त्यात मांडलं होतं की विश्व प्रसरण पावतंय, आणि दीर्घिका जितकी लांब तितकी ती जास्त वेगानं दूर जाते. हेच सांगणारा अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हबल यांचा गाजलेला निबंध आला 1929 मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. लमेत्र यांचा निबंध ज्या नियतकालिकात आला ते बेल्जियमबाहेर फारसं कुणी वाचत नव्हतं.

1931 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला, तेव्हा प्रसरणाच्या दराचा नेमका भागच गाळलेला होता. कुणीतरी मुद्दाम कापला असणार, अशी शंका वर्षानुवर्षं घेतली गेली. 2011 मध्ये जुन्या पत्रव्यवहारातून खुलासा झाला: अनुवाद खुद्द लमेत्र यांनीच केला होता, आणि तो भाग आता छापण्यात अर्थ नाही असं त्यांनाच वाटलं. श्रेयावर हक्क सांगायची संधी हातात होती, आणि माणसानं त्या ओळी स्वतःच्या हातानं काढल्या! 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं त्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावं अशी शिफारस केली.

आता आजीच्या प्रश्नाकडे येते. विश्वाची सुरुवात अतिशय लहान, दाट अवस्थेतून झाली, हा विचारही लमेत्र यांनीच मांडला होता; त्यालाच पुढं महास्फोटाचा सिद्धांत म्हणू लागले. 1951 मध्ये पोप बाराव्या पायस यांनी एका भाषणात असा सूर लावला की विश्वाच्या आरंभाचं हे नवं विज्ञान म्हणजे सृष्टीनिर्मितीला मिळालेला दुजोराच. टाळ्या वाजवायला सगळ्यात पुढं कोण असायला हवं होतं? लमेत्र. पण ते अस्वस्थ झाले. माझा सिद्धांत भौतिकशास्त्राचा आहे, त्यात धर्माचा पुरावा शोधू नका, ही त्यांची भूमिका होती आणि ती त्यांनी वरपर्यंत पोचवली. 1952 मध्ये रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढं बोलताना पोपनी तो मुद्दा काढला नाही. श्रद्धा सोडली नाही आणि समीकरणाला हातही लावू दिला नाही, असा हा माणूस. कॅथलिक विद्यापीठ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तेच उभे राहतात.

शिवाय प्रवेशासाठी तिथं धर्म विचारत नाहीत. आजी, हे तुझ्यासाठी.

आणखी एक गोष्ट, आणि ही माझ्यासाठी फार जवळची आहे. मी नारळीकर सरांची पुस्तकं वाचत मोठी झाले. सर कोल्हापूरचे, आणि आयुष्यभर महास्फोटाच्या सिद्धांतावर शंका घेत राहिले. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉयल यांच्याबरोबर स्थिर विश्वाची, म्हणजे विश्वाला आरंभच नाही या मताची, बाजू मांडली, पुढं 1993 मध्ये सुधारित रूपात पुन्हा मांडली. बहुसंख्य शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला गेले तरी ते बधले नाहीत. 20 मे 2025 ला सर गेले. त्यांच्या गावची मुलगी लमेत्र यांच्या विद्यापीठात निघालीय, यात मला काही विसंगती वाटत नाही. पुराव्याशी प्रामाणिक राहून वाद कसा घालायचा, हे मी सरांकडूनच शिकले.

[ग्रंथालयाचा फोटो]

हे विद्यापीठ 1425 मध्ये स्थापन झालं. हे त्याचं ग्रंथालय. ऑगस्ट 1914 मध्ये जर्मन सैन्यानं ते जाळलं, सुमारे तीन लाख पुस्तकं गेली. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांनी पैसे जमवले, 1928 मध्ये नवी इमारत उभी राहिली. त्या शाळांची नावं आजही भिंतीच्या दगडांवर कोरलेली आहेत. मे 1940 मध्ये पुन्हा आग. पुन्हा बांधलं. आणि मग 1968 मध्ये डच विरुद्ध फ्रेंच या भाषेच्या वादात विद्यापीठच दुभंगलं. फ्रेंच विभाग नव्या गावी गेला आणि पुस्तकांची वाटणी क्रमांकांवरून झाली: विषम लूव्हनमध्ये, सम नव्या गावी. माझी मावशी बेळगावात असते, भाषेचा वाद घराच्या उंबऱ्यापर्यंत कसा येतो ते मी पाहिलंय. तरीही मालिकेतला पहिला खंड एका गावी आणि दुसरा भलत्याच गावी, हे वाचून पोटात तुटतं.

लमेत्र यांनी ती फूट पाहिली नाही. 1966 च्या जूनमध्ये ते गेले. त्याच्या थोडंच आधी, आजारी असताना, मित्रानं त्यांना बातमी दिली होती की आकाशातून सगळीकडून येणारं जुनं प्रारण सापडलंय. म्हणजे विश्वाच्या आरंभाची खूण.

खर्चाचं आणि व्हिसाचं पुढच्या व्हिडिओत बोलू. शुल्क बदलत असतं, त्यामुळं ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच बघा. अर्जासोबतचं पत्र मी काल रात्री लिहायला घेतलं. कितीतरी सुरुवाती खोडल्या. आता पहिलं वाक्य आहे: "माझी आजी मडकं वाजवून घेते."

[पुन्हा टिचकी.]