पंख्यावरचं नाव

(लेंतकाळातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या, चर्चमधील संध्याकाळच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पाळकसाहेब, पंचमंडळी आणि मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या सगळ्यांना सलाम. पुढचे तीन बाक रिकामे आहेत, म्हणजे सभा आपल्याच मंडळीची आहे याची खात्री पटली. आपल्यात पुढं बसतात ते लग्नात, आणि तेही फोटोपुरतं.

विषय दिलाय 'आपल्या विश्वासाची परीक्षा'. चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली दहा सूचनांनी खाल्ली. तरीही सुरुवात पंख्यापासून करणार आहे. माझ्या ओळखीचे इथं हसायला लागले, कारण ही गोष्ट त्यांनी ऐकलेली आहे. पुन्हा ऐका.

मी लहान असताना आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नऊ पंखे होते आणि पात्यांवर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक परिवाराकडून'. पंखा फिरतोय तोवर वारा लागायचा, नाव दिसायचं नाही. वीज गेली की पाती मंदावायची, नाव उमटायचं आणि खाली सगळे घामाघूम. एका उन्हाळ्यात आमच्या वडिलांनी आजोबांच्या नावानं दहावा पंखा दिला. रंगाऱ्याला सांगून नाव तिन्ही पात्यांवर घालून घेतलं. थांबताना एखादं पातं भिंतीकडे गेलं तर? त्या रविवारी मी डोळे घट्ट मिटून प्रार्थना केली, की प्रभू, लाइट जाऊ दे. तोवर गीतं तोंडपाठ होती, दहा आज्ञा पाठ होत्या, शाब्बाथशाळेत बक्षीस मिळालेलं होतं. पण मनापासून केलेली ती माझी पहिली प्रार्थना. आणि लाइट गेली! देव प्रार्थना ऐकतो, याला पुरावा म्हणून मी कितीतरी वर्षं हीच गोष्ट सांगत असे.

आता गंभीर होतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम हॅस्लम नावाचे पाळक होते. दीक्षा झालेली, उपासना नियमानं चाललेली, सगळं शिस्तीत. त्यांच्या माळ्याला क्षय झाला आणि त्या आजारपणात त्याचा पालट झाला, म्हणजे नावापुरता असलेला विश्वास मनापासूनचा झाला. हॅस्लमना आनंद व्हायला हवा होता. वाईट वाटलं! आपण शिकवलेलं सोडून हा भलत्याच मार्गानं गेला म्हणून. मग एका स्नेही पाळकानं त्यांना तोंडावर सांगितलं, की तुमचा स्वतःचाच पालट झालेला नाही. तो होईपर्यंत देऊळ बंद ठेवा. तुम्ही हसता, पण आपल्या पाळकसाहेबांना असं कुणी म्हणून बघा, पंचांची तातडीची बैठक बसेल. १८५१ सालच्या एका रविवारी हॅस्लम नुसती प्रार्थना वाचून लोकांना घरी धाडायचं ठरवून गेले होते. तरी व्यासपीठावर चढले आणि 'ख्रिस्ताविषयी तुम्हाला काय वाटते' या प्रश्नावर बोलू लागले. बोलता बोलता तो प्रश्न त्यांचा त्यांनाच लागला. खालून एक जण उठून ओरडला, पाळकाचा पालट झाला! जगात उपदेशानं पुष्कळांचा पालट झालाय, पण स्वतःच्याच उपदेशानं झालेला हा गडी विरळा.

या आठवणी हॅस्लमनी लिहून ठेवल्या आणि ते पुस्तक आपल्या पंडिता रमाबाईंच्या हाती पडलं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३चा, इंग्लंडात वाँटेजला. १८८९मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडलं. आणि त्यानंतर, बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर, बाईंना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नाही. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, म्हणून मी बोलायला धजतो.

इथं थोडं थांबा. आपण पटकन म्हणतो, झाडाची पारख फळांवरून. पण शारदासदन तर त्याआधीचं आहे! एवढ्या विधवांना आसरा देणारी, संस्कृत पंडित, समाजाचा रोष पत्करलेली बाई म्हणते, माझ्यापाशी मुख्य गोष्टच नव्हती. मग आपल्या दहाव्या पंख्याचं काय?

पाळकसाहेबांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता पळतच.

बायबलात पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी आपापली परीक्षा करायला सांगितलंय. पण का? ते लोक पौलाकडे त्याच्या प्रेषितपणाचा, म्हणजे ख्रिस्तानं पाठवल्याचा, पुरावा मागत होते. दुसऱ्याचा विश्वास तपासायला निघालेल्यांना त्यानं आरसा दिला. आपण प्रभुभोजनाला येतो तेव्हा शेजारी कोण आलंय आणि कोण नाही, हे आधी पाहतो.

रमाबाईंना काय सापडलं, तर क्षमा फुकट आहे हे. कमवायची नाही, तिचे हप्ते फेडायचे नाहीत. काम त्यांनी सोडलं नाही. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या आणि केडगावचं 'मुक्ती' हे त्यांचं आश्रयस्थान उभं राहिलं. बाहेरून पाहणाऱ्याला आधीचं काम आणि नंतरचं काम सारखंच दिसेल. म्हणून मी म्हणतो, ही परीक्षा बाहेरच्यानं घेण्यासारखी नाही.

मग स्वतःला तपासायचं कसं? एक, बायबलातलं योहानाचं पहिलं पत्र घरी वाचा. देवावर प्रीती करतो म्हणणारा आणि भावाचा द्वेष करणारा लबाड आहे, असं तिथं सरळ लिहिलंय. आणि आपण? चार पिढ्यांचा बाप्तिस्मा, पण मुलीचं स्थळ आलं की हळूच विचारतो, 'मूळचे कोण?' यावर वेगळं व्याख्यान हवं. बोलावलंत तर देईन, पण बोलावणार नाही तुम्ही.

दुसरं, कुणी पाहत नसताना प्रार्थना होते का? मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दार लावून घ्यायला सांगितलंय. तिसरं, ज्यांना शंका येते त्यांनी घाबरू नये. हॅस्लमनाही आली, बाईंनाही आली. मला धास्ती वाटते ती कधीच शंका न आलेल्यांची.

चौथा मुद्दा घरच्यांना विचारण्याचा. चारचौघांत नको, रात्री जेवणं झाल्यावर विचारा, मी तुम्हाला कसा दिसतो? मी विचारलंय. काय उत्तर मिळालं ते सांगायला वेळ उरलेला नाही. पण उत्तर देणारी डावीकडे खांबाशेजारी बसली आहे. चहाच्या वेळी तुम्हीच विचारा.